आर्वी, पीज आणि शाळेमागचा चौथरा

देशाच्या वारसा-यादीत काय जावे आणि काय नाही, हे ठरवणाऱ्या मान्यवरांना,



जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत दाखल झाले. त्यानंतरच्या दिवाळीच्या सुट्टीत माझे काही जुने विद्यार्थी मला शिवनेरीला घेऊन गेले. गड मी आधीही पाहिला होता, पण या वेळी शिवाई देवीच्या देवळापाशी बसलो तेव्हा मन भरून आले. घरातल्याच कोणाचा सत्कार झाल्यासारखे वाटत होते. परतताना नारायणगावात चहाला थांबलो. मी सहज विचारले, "इथून आर्वी किती लांब रे?" कोणालाच नाव माहीत नव्हते. त्यांतले दोघे दूरसंचार खात्याशी संबंधित कामे करतात. त्यांनाही नव्हते.

त्या संध्याकाळी गाडीत मी मुलांना जे सांगितले, तेच आज आपल्यासमोर मांडतो आहे.

शिवनेरी ज्या जुन्नर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या आर्वीत २६ फेब्रुवारी १९७२ रोजी देशातले पहिले व्यापारी उपग्रह भूकेंद्र राष्ट्राला अर्पण झाले. जवळजवळ तीस मीटर व्यासाची तबकडी, आपल्याच अभियंत्यांनी उभारलेली. त्याच्या दोनच महिने आधी, ३० डिसेंबर १९७१ ला, विक्रम साराभाई गेले होते. केंद्राला त्यांचे नाव दिले गेले. ही तबकडी हिंदी महासागरावरच्या उपग्रहाशी बोलू लागली आणि परदेशी फोन लघुलहरींच्या खरखरीतून सुटला. हे काम करणारी माणसे तयार झाली अहमदाबादेत. तिथे जोधपूर टेकऱ्यावर १९६७ साली संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने प्रायोगिक भूकेंद्र सुरू झाले होते. विकसनशील देशांतले अभियंते तिथे शिकायला येत.

आता मी माझ्या गावाकडे येतो, कारण या पत्राचे मूळ तिथे आहे.

माझे गाव अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकाच्या शिवेला लागून. मामांचे गाव तिथून दीड कोसावर, पण तेव्हाच्या गुलबर्गा जिल्ह्यात. घरात मराठी आणि कानडी दोन्ही चालत, सोयरिकी दोन्हीकडे. मामा तिथल्या शाळेत शिक्षक होते. १९७५ च्या पावसाळ्यात काही माणसे जीपमधून आली, शाळेमागे सिमेंटचा चौथरा बांधला आणि त्यावर तीन मीटरची एक छत्री उलटी करून बसवली. लोखंडी कांड्या आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी. शाळेच्या खोलीत एक मोठा पेटीवजा संच आला. त्याच्या कुलपाची किल्ली मामांकडे दिली गेली. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो.

१ ऑगस्ट १९७५ पासून ती पेटी बोलू लागली. त्या वेळी मुंबईत दूरदर्शन येऊन तीन वर्षेही पुरी झाली नव्हती. सोलापुरातल्या बंगल्यांतसुद्धा टीव्ही पोहोचला नव्हता. आणि मामांच्या गावात, जिथे एसटी दिवसातून एकदा येई, तिथे दोनशेक माणसे अंगणात मांडी घालून बसत. पुढे मुले, मागे बायका, भिंतीला टेकून म्हातारे. संच कोणाच्या वाड्यात किंवा देवळात ठेवायचा नाही, सगळ्या जातींच्या माणसांना येता येईल अशा सार्वजनिक जागी ठेवायचा, हे योजनेतच ठरलेले होते. आमच्या भागात त्या काळी एकाच अंगणात सगळ्यांनी एकाच वेळी बसण्याचे प्रसंग फार नव्हते.

पुढे विज्ञान शिकलो, मग शिकवू लागलो, तेव्हा कळले की आम्ही कशाचा भाग होतो. सॅटेलाइट इन्स्ट्रक्शनल टेलिव्हिजन एक्सपेरिमेंट, सगळे त्याला 'साइट' म्हणत. १९६९ मध्ये भारताच्या अणुऊर्जा खात्याचा आणि अमेरिकेच्या नासाचा करार झाला. नासाने आपला एटीएस-६ हा उपग्रह एका वर्षासाठी आफ्रिकेच्या माथ्यावर आणून ठेवला. अहमदाबादेतून वर गेलेला कार्यक्रम तिथून थेट खेड्यात उतरे, मध्ये कुठल्याही शहराचा मनोरा नाही. आंध्र, कर्नाटक, ओरिसा, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या सहा राज्यांतली सुमारे २४०० गावे, मुद्दाम मागास भागांतून निवडलेली. कार्यक्रम रोज चार तास असत. सकाळी दीड तास शाळकरी मुलांसाठी आणि संध्याकाळी अडीच तास शेती, आरोग्य, कुटुंब नियोजन, लोककला. एका चित्रासोबत दोन भाषांतले आवाज पाठवण्याची सोय होती. मुलांसाठीचे विज्ञानाचे कार्यक्रम मुंबईत तयार होत. सुट्ट्यांमध्ये याच पडद्यावरून हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवले गेले. माझे मामा त्यांतले एक. त्या शिबिरानंतर त्यांनी वर्गात भिंग आणि मेणबत्ती आणली. मी विज्ञानाकडे वळलो त्याला ती मेणबत्ती कारण आहे.

या प्रयोगाची धुरा वाहणाऱ्यांत एकनाथ चिटणीस होते. कोल्हापुरात जन्मलेले, साराभाईंचे जवळचे सहकारी, साइटचे कार्यक्रम व्यवस्थापक. ऑक्टोबर २०२५ मध्ये, वयाची शंभरी पार करून, ते पुण्यात गेले. मी शिवनेरीला गेलो त्याच दिवाळीतली गोष्ट. किल्ल्यांच्या यशाच्या बातम्यांनी रकाने भरले होते. चिटणीसांची बातमी मला आतल्या पानावर शोधावी लागली.

मान्यवर, आता तक्रारी मांडतो. आदर ठेवूनच, पण स्पष्ट.

पहिली तक्रार आपल्या मनातल्या 'वारसा' या शब्दाविषयी आहे. आपल्याला वारसा म्हटले की दगड दिसतो. लेणे, मंदिर, तट, बुरूज, घुमट. या सगळ्यांवर माझे प्रेम आहे. पण माणसाने विसाव्या शतकात जे घडवले त्यातली फार मोठी गोष्ट म्हणजे दूरवरच्या माणसाशी बोलण्याची सोय. ती सोयही कुठल्या तरी जागेवर उभी होती. तिलाही पाया, भिंत, कुंपण होते. जगाने हे मान्य केले आहे. स्वीडनमधले ग्रिमेटनचे बिनतारी केंद्र १९२२ ते १९२४ या काळात बांधले गेले आणि २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. तिथे १२७ मीटर उंचीचे सहा पोलादी मनोरे आहेत. अलेक्झांडरसनच्या रचनेचे दोनशे किलोवॅटचे यंत्र आहे, ज्यात दिवे-नळ्या काही नाहीत, नुसते फिरते चक्र वीजलहरी निर्माण करते. अमेरिकेला तारा पाठवण्यासाठी ते उभारले होते. आजही वर्षातून काही दिवस ते चालवतात आणि जगभरचे हौशी लोक कान लावून बसतात. ग्रिमेटनला कोणती लढाई झाली नव्हती, कोणी संत राहिले नव्हते. एक तंत्र तिथे पूर्णत्वाला गेले आणि तसेच जपले गेले, एवढ्यावर ते यादीत बसले.

दुसरी तक्रार कायद्याविषयी. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात किमान शंभर वर्षांची अट आहे. मठासाठी, मशिदीसाठी, बारवेसाठी ती ठीक असेल. पण यंत्राच्या जागेला शंभर वर्षे कोण जगू देते? दहा-पंधरा वर्षांत यंत्र जुने होते, वीस वर्षांत 'निरुपयोगी साहित्य' म्हणून लिलावात निघते, तिसाव्या वर्षी जागेवर दुसरे काहीतरी उभे राहते. या हिशेबाने आर्वी २०७२ मध्ये पात्र होईल आणि साइटच्या जागा २०७५ मध्ये. तेव्हा जपायला काय शिल्लक असेल? जागतिक यादीला मात्र अशी अट नाही. सिडनीचे ऑपेरा हाउस १९७३ मध्ये खुले झाले, म्हणजे आर्वीनंतर दीड-पावणेदोन वर्षांनी, आणि २००७ मध्ये यादीत आले. ब्राझिलिया शहर वसून तीस वर्षे व्हायच्या आत यादीत होते. आपलेच पाहायचे तर चंदीगडचे कॅपिटॉल संकुल २०१६ मध्ये आणि मुंबईच्या आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये गेल्या. यांतल्या कशालाच शंभर वर्षे झालेली नव्हती. स्थानिक वारसा नियमांचा आधार घेऊन मुंबईने वाट काढली, नागरिकांनी वर्षानुवर्षे चिकाटी धरली. म्हणजे वाट आहे, आणि आपल्याला ती माहीतही आहे.

तिसरी गोष्ट मला फार लागली आहे. काही वर्षांपूर्वी मी एका कार्यालयाला पत्र लिहून विचारले की आमच्या भागातल्या साइटच्या गावांची यादी आणि त्या काळचे अहवाल पाहायला मिळतील का. सात महिन्यांनी उत्तर आले की ठरलेली मुदत संपल्यामुळे कागदपत्रे नष्ट करण्यात आली आहेत, आणि सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नाही. मग संबंधित कोणाशी आहे? अंतराळ खात्याचे म्हणाल तर कार्यक्रम दूरदर्शनचे. प्रसारण खात्याचे म्हणाल तर जमीन दुसऱ्याची. परदेशी दळणवळणाचा कारभार कालांतराने खासगी हातात गेला. राज्य सरकार म्हणते हा केंद्राचा विषय, केंद्राकडे पाहावे तर स्मारक नाही म्हणून पुरातत्त्वाचाही नाही. चार घरचा पाहुणा उपाशी राहतो, तसे या जागांचे झाले आहे. जागतिक वारसा नामांकनाचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे, आणि नाव पाठवण्याचा अधिकार फक्त देशाच्या सरकारला. म्हणून चार घरांना एका पंगतीला बसवणे आपल्यालाच शक्य आहे.

इथे मी पीजविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण मी जे नामांकन सुचवणार आहे, त्याचा गाभा माझ्या मते तिथे आहे.

पीज हे गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यातले गाव. १९७५ मध्ये तिथे एक किलोवॅटचा छोटा प्रक्षेपक बसवला गेला. साइट वर्षभरात संपले, पण पीज दहा वर्षे चालले. आसपासच्या चारशेहून अधिक गावांत सार्वजनिक संच होते. कार्यक्रम चरोतरच्या बोलीत होत. गावकरी स्वतः पडद्यावर येत, काही मालिका त्यांच्या मदतीने लिहिल्या गेल्या. हुंडा, दारू, अस्पृश्यता, मजुरीतली पिळवणूक हे विषय नाव घेऊन बोलले जात. सरकारी कामातल्या त्रुटीही कॅमेऱ्यासमोर मांडल्या जात, आणि संबंधित अधिकाऱ्याला तिथेच उत्तर द्यावे लागे. कार्यक्रम झाल्यावर संशोधक गावात जाऊन विचारत, की कळले का, पटले का, काय चुकले. शहराने खेड्याला शिकवायचे, या रिवाजाला पीजने उलटे वळण दिले. १९८४ मध्ये याच खेडा संज्ञापन प्रकल्पाला ग्रामीण संज्ञापनाचा पुरस्कार मिळाला, आणि तो देणारी संस्था होती युनेस्को. ज्या संस्थेच्या यादीत आपण नाव पाठवायचे, तिनेच या जागेच्या कामाला जगापुढे आदर्श म्हणून उभे केले होते. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, पीजचे प्रक्षेपण थांबवले गेले. अहमदाबादेत मोठा प्रक्षेपक आला, मग छोट्याची गरज काय, असा विचार झाला. गावकऱ्यांनी विरोध केला. प्रक्षेपण केंद्र बंद होऊ नये म्हणून खेड्यातल्या माणसांनी आवाज उठवावा, हेच मला त्या जागेचे सर्वांत मोठे प्रमाणपत्र वाटते.

शंका निघतील, मला कल्पना आहे. तज्ज्ञ विचारतील की मूळ वस्तू किती उरली? जाळ्यांच्या छत्र्या गेल्या, संच गेले, एटीएस-६ तर १९७९ मध्येच बंद झाला. खरे आहे. या वारशाचा एक भाग आकाशात होता आणि एक भाग माणसांच्या आठवणीत, मध्ये जमिनीवर थोड्याच जागा उरतात. अभ्यासक असेही म्हणतील की प्रयोग एका वर्षाचा होता, शेतीच्या सल्ल्याने पीक किती वाढले याचा पुरावा तोकडा आहे, बायका पुरुषांपेक्षा कमी येत. या मर्यादा साइटच्या स्वतःच्या संशोधकांनीच नोंदवून ठेवल्या. मानववंशशास्त्राचे अभ्यासक काही गावांत महिनोन् महिने राहिले, प्रयोगाच्या आधीपासून नंतरपर्यंत. स्वतःचे इतके प्रामाणिक मोजमाप करणारा प्रसारणाचा उपक्रम त्या काळात दुसरा मला माहीत नाही. अपयशाची नोंदही वारशात धरावी, असे माझे मत आहे.

म्हणून माझ्या मागण्या सांगतो. अहमदाबादचे भूकेंद्र, आर्वीची तबकडी, पीजचे प्रक्षेपण केंद्र आणि सहा राज्यांतली साइटची काही मोजकी गावे मिळून एक साखळी नामांकन तयार करावे आणि ते आधी भारताच्या संभाव्य यादीत घालावे. साखळी नामांकन म्हणजे काय हे मराठी माणसाला आता समजावून सांगावे लागत नाही. अकरा किल्ले महाराष्ट्रातले आणि जिंजी तामिळनाडूतली, तरी गोष्ट एकच होती. संभाव्य यादीत साठाहून अधिक नावे रांगेत आहेत आणि एका देशाला वर्षाला एकच नामांकन पाठवता येते, हे मी जाणतो. आमचा नंबर वीस वर्षांनी लागला तरी चालेल. पण यादीत नाव असले की निदान लिलावाच्या कागदावर सही करणाऱ्याचा हात थबकतो. त्याआधी राज्यांच्या पातळीवर या जागांना संरक्षण द्यावे. महाराष्ट्र सरकारने आर्वीपासून सुरुवात करावी, बारा किल्ल्यांसाठी जी यंत्रणा राबली तिलाच हे काम द्यावे.

जे जमिनीवर नाही त्यासाठी वेगळी सोय आहे. युनेस्कोची 'जागतिक स्मृती' नोंदवही दस्तऐवजांसाठी असते. भगवद्गीतेच्या आणि नाट्यशास्त्राच्या हस्तलिखितांची तिथे २०२५ मध्ये नोंद झाली. साइटच्या आणि खेडा प्रकल्पाच्या चित्रफिती, संशोधकांच्या वह्या, गावोगावचे अहवाल जिथे कुठे असतील तिथून गोळा करून त्यांची एक सूची करा. चुंबकीय फीत दगडासारखी वाट पाहत नाही. तिला बुरशी लागते, तिच्यावरचा थर सुटतो, ती वाचणारे यंत्र मिळेनासे होते. आणि माणसांचे बोल नोंदवा. त्या वेळी पंचविशीत असलेला तंत्रज्ञ आज पंचाहत्तरीत आहे. चिटणीस गेले. माझे मामा बारा वर्षांपूर्वी गेले. त्यांना कोणी कधी काही विचारले नाही, मीही नीट विचारले नाही.

या पत्राच्या निमित्ताने इतिहासप्रेमी मित्रांनाही विनंती आहे. आपण दर रविवारी गडावर जाता, टाकी साफ करता, तोफा उचलून गाड्यावर ठेवता. नारायणगावला थांबाल तेव्हा आर्वीचेही नाव घ्या. पलीकडे खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. एका दिवसात किल्ला, भूकेंद्र आणि दुर्बीण मुलांना सांगता येईल असा तालुका देशात दुसरा कुठे आहे?

३१ जुलै १९७६ ची संध्याकाळ मला स्वच्छ आठवते. कार्यक्रम संपला आणि पडद्यावर मुंग्या आल्या. मामा बराच वेळ संच बंद करेनात. उपग्रह परत जायचा आहे हे त्यांनी आधी सांगितले होते, तरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माणसे येऊन बसली. चार-पाच दिवस येत राहिली. १९७७ मध्ये गुलबर्ग्याला जमिनीवरचा प्रक्षेपक आला, काही गावांत संच पुन्हा लागले. आमच्या मामांच्या गावात मात्र पेटी तशीच राहिली, मग एक दिवस कोणी तरी घेऊन गेले.

चौथरा अजून आहे. शाळेमागे, बाभळीच्या सावलीत, वर तीन गंजलेले बोल्ट. गेल्या उन्हाळ्यात मी टेप लावून मापे घेतली, चारही बाजूंनी फोटो काढले. शाळेला नवी वर्गखोली मंजूर झाली आहे आणि ती त्याच जागेवर येणार आहे. खोली मुलांना मिळायलाच हवी, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. सरपंचांना भेटून मी विनंती केली, तेव्हा त्यांनी मुकादमाला चौथरा तूर्त फोडू नका म्हणून सांगितले. पावसाळा सुरू होईपर्यंत थांबतो म्हणाले. तेवढ्या मुदतीत आपल्याकडून एक माणूस पाठवा. नोंद करायला, मोजायला, गावातल्या चार म्हाताऱ्यांशी बोलायला. खोली दहा फूट अलीकडे घेता येईल का, हे सांगायला एखादा अभियंताही सोबत असला तर बरे. राहण्याजेवणाची व्यवस्था माझ्या घरी होईल. मामांची ती किल्लीही माझ्याकडे आहे, ती येणाऱ्याच्या हाती देईन.

उत्तराची वाट पाहतो.

आपला नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
तालुका अक्कलकोट, जिल्हा सोलापूर